एका तत्त्वज्ञाचे दोषनिवेदन

मनुष्याने आपला दोष बोलून दाखविला म्हणजे तो दोष जातो काय, आणि जात असेल तर तो बोलावयाचा कोणापुढे, हा प्रश्न काही नवा नाही. आपल्या स्मृतिकारांनी त्याचा ऊहापोह केला आहे. संतांनी तर तो स्वतःच्या जिवावर घेतला. परंतु ज्याची गणना विसाव्या शतकातील थोर तर्कशास्त्रज्ञांत होते अशा एका युरोपीय तत्त्वज्ञालाही याच प्रश्नाने, सत्तेचाळीस वर्षांच्या प्रौढ वयात, एका खेड्यातील शेतकऱ्यांच्या दारांत नेऊन उभे केले, ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. लुडविग व्हिट्गेन्स्टाइन हे त्याचे नाव. त्याच्या ग्रंथांचा परामर्श घेणे हा या लेखाचा उद्देश नाही. तो अधिकार विद्यापीठांतील पंडितांचा, आणि आमचे शिक्षण शाळेपुरतेच झालेले. आम्हांस लिहावयाचे आहे ते त्याच्या अंतःकरणातील एका झगड्याविषयी.

२६ एप्रिल १८८९ रोजी व्हिएन्ना नगरीत त्याचा जन्म झाला. वडील कार्ल हे पोलादाच्या धंद्यात अमाप संपत्ती मिळविलेले गृहस्थ. घरी ब्राम्ससारख्या संगीतकारांची ये-जा असे. आठ भावंडांत लुडविग हा शेंडेफळ. अशा या लक्ष्मीच्या आणि सरस्वतीच्या घरात पाच मुलगे होते, आणि त्यांपैकी तिघांचा अंत आत्मघाताने झाला असे मानले जाते. चौथा, पाउल, हा नामांकित पियानोवादक. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला, तरी केवळ डाव्या हाताने तो वाजवीत राहिला. पाचवा आपला चरित्रनायक. त्यालाही तारुण्यात आत्महत्येच्या विचारांनी वारंवार घेरले होते. ज्या घरात सर्व काही आहे त्या घरात जगण्याचे कारण तेवढे का सापडू नये, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तो येथे सोडून देतो.

बर्लिन आणि मँचेस्टर येथे त्याने यंत्रविद्येचा अभ्यास केला, पतंग उडवून वातावरणाचे प्रयोग केले, विमानाच्या पंख्याची रचना केली. गणिताच्या पायाविषयी जिज्ञासा उत्पन्न झाली म्हणून १९११ साली तो केंब्रिजला बर्ट्रंड रसेल यांच्यापाशी आला. हा तरुण रात्री आपल्या खोलीवर येई आणि तासन्‌तास एक शब्दही न बोलता येरझारा घाली, असे रसेल यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. एकदा त्यांनी विचारले की, चिंतन तर्कशास्त्राचे चालले आहे की स्वतःच्या पापांचे? दोहोंचेही, एवढे उत्तर देऊन त्याने आपल्या फेऱ्या पुढे चालू ठेवल्या. ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते. आम्हांस मात्र ती विनोदाची वाटत नाही. ज्याला एखादे चुकीचे विधान पायातील काट्यासारखे सलते त्याला स्वतःच्या आयुष्यातील असत्य सलणार नाही, हे कसे शक्य आहे? व्हिट्गेन्स्टाइनच्या ठायी ही दोन दुखणी एकच होती, असे आमचे मत आहे.

१९१४ साली महायुद्ध सुरू होताच प्रकृतीच्या कारणाने सूट मिळण्याजोगी असूनही तो ऑस्ट्रियाच्या सैन्यात दाखल झाला. टार्नाव या गावी एका पुस्तकाच्या दुकानात त्याला टॉलस्टॉय यांनी केलेले शुभवर्तमानांचे संक्षिप्त विवरण मिळाले. ते तो सदैव जवळ बाळगी. सोबतचे शिपाई त्याला त्या पुस्तकावरूनच ओळखू लागले. १९१६ मध्ये त्याने आपण होऊन आघाडीवरील टेहळणीचे अत्यंत धोक्याचे काम मागून घेतले. मृत्यूच्या समीप गेल्याखेरीज आपण स्वच्छ होणार नाही, अशी त्याची धारणा होती. याच धुमश्चक्रीत 'ट्रॅक्टेटस' हा त्याचा पहिला ग्रंथ आकारास आला. १९२१ मध्ये तो जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. भाषेने नेमके काय सांगता येते याची त्यात सीमा आखली आहे, आणि नीती व परमार्थ ही त्या सीमेच्या पलीकडील, मौनाची क्षेत्रे ठरविली आहेत. आपल्या ग्रंथाचा जो भाग आपण लिहिलेला नाही तोच महत्त्वाचा, असे त्याने एका प्रकाशकाला पत्राने कळविले होते. वाचकांनी हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

इटलीतील बंदिवासातून १९१९ च्या ऑगस्टमध्ये तो परतला आणि वडिलांकडून आलेली सर्व संपत्ती भावंडांच्या नावे करून मोकळा झाला. गरिबांना ती का दिली नाही, असे कोणी विचारील. पैशाने मनुष्य बिघडतो, आणि भावंडे आधीच श्रीमंत असल्यामुळे त्यांचे आणखी बिघडावयाचे राहिले नाही, असे त्याचे काहीसे चमत्कारिक उत्तर होते. त्यानंतर त्याने शिक्षकाची सनद घेतली आणि १९२० ते १९२६ ही सहा वर्षे लोअर ऑस्ट्रिया प्रांतातील डोंगराळ खेड्यांत प्राथमिक शाळेच्या मुलांना शिकविण्यात घालविली.

आपल्याकडे असा त्याग कोणी केला की लोक त्याच्या पायांवर डोके ठेवण्यास धावतात. परंतु धनाचा त्याग एका दस्तऐवजाने होतो. क्रोधाचा होत नाही. ट्राटेनबाख, पुखबर्ग, ओटरथाल या गावी हा कोट्यधीशाचा मुलगा एका लहानशा खोलीत राहून मुलांना गणित शिकवी, त्यांना घेऊन मांजराचा अस्थिपंजर जुळवी, सहलीस व्हिएन्नाला नेई, त्यांच्यासाठी त्याने एक शब्दकोशही तयार केला. आणि तोच बीजगणित न समजणाऱ्या मुलींचे केस ओढी, कान पिळी, मुलांच्या थोबाडीत मारी. त्या काळी तेथील शाळांत मारणे नवे नव्हते. खोड्यांबद्दल शिक्षा झाली तर पालकांची हरकत नसे. पण मुलीला हिशेब येत नाही म्हणून तिला मारावे, हे त्या शेतकऱ्यांना समजेना. आणि आमच्या मते त्यांचेच बरोबर होते. एप्रिल १९२६ मध्ये ओटरथाल येथे त्याने एका अशक्त मुलाच्या डोक्यावर मारले आणि तो मुलगा शुद्ध हरपून पडला. मास्तर शाळा सोडून निघून गेले. चौकशी झाली, तीत शिक्षेस पात्र असे काही निघाले नाही. परंतु त्या चौकशीत आपण किती मारीत होतो याविषयी व्हिट्गेन्स्टाइन खरे बोलला नाही. ज्याने सत्य विधानाच्या स्वरूपावर ग्रंथ लिहिला त्याच्या तोंडून हे घडले.

यानंतर काही दिवस त्याने एका मठात माळीकाम केले, मग बहिणीसाठी व्हिएन्नात घर बांधून दिले. घर पूर्ण होत आले असता एका दालनाचे छत तीन सेंटिमीटरने वर घेण्यास त्याने भाग पाडले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. याच सुमारास व्हिएन्नातील काही विद्वान त्याच्याकडून तर्कशास्त्र ऐकावे म्हणून जमत असत, आणि हा त्यांच्याकडे पाठ फिरवून रवींद्रनाथ ठाकुरांच्या कविता वाचीत बसे. रवींद्रनाथांचे 'राजा' हे नाटक तर त्याच्या विशेष आवडीचे होते. पुढे एका शिष्याच्या साहाय्याने त्याने त्यातील काही भागाचे इंग्रजी स्वतः नव्याने सिद्ध केले. त्या नाटकातील राणी सुदर्शना अंधाऱ्या दालनात भेटणाऱ्या राजाला उजेडात पाहण्याचा हट्ट धरते, भलत्यालाच राजा समजते, आणि रूपाचा व मानाचा गर्व पुरता मोडल्यानंतरच खऱ्या राजाच्या भेटीस येते. व्हिट्गेन्स्टाइनला हे नाटक इतके का लागले असावे, हे त्याच्या पुढील वर्तनावरून ध्यानात येते.

१९२९ मध्ये तो केंब्रिजला परतला. मान मिळाला, शिष्य मिळाले, तत्त्वज्ञानाला नवे वळण देणारे विचार सुचू लागले. पण ओटरथाल पाठ सोडीना. १९३६ च्या उन्हाळ्यात तो नॉर्वेतील श्कोल्डन या गावाजवळ स्वतः बांधवून घेतलेल्या एकान्तातील झोपडीत राहावयास गेला. तेथेच त्याने आपल्या दुसऱ्या प्रमुख ग्रंथाचे आरंभीचे परिच्छेद लिहिले आणि तेथेच त्याने निश्चय केला की, आपले दोष आप्तांना आणि मित्रांना सांगावयाचे. त्या वर्षीचा नाताळ आणि १९३७ चा आरंभ या काळात त्याने हा निश्चय अमलात आणला. घरच्या मंडळींना सांगितले, केंब्रिजमध्ये प्राध्यापक मूर यांना सांगितले. रोलंड हट नावाच्या तरुण मित्राला तर एका सार्वजनिक उपाहारगृहात समोर बसवून, मोठ्या आणि स्पष्ट स्वरात, आपल्या पापांची यादी ऐकविली. तो बिचारा संकोचाने अर्धा झाला. फान्या पास्कल या बाई त्याला रशियन भाषा शिकवीत असत. त्यांच्या घरी तो तातडीचे काम आहे म्हणून आला आणि पावसाळी कोटाची बटणे न सोडता ताठ बसून सांगू लागला. हे उद्यापर्यंत थांबले नसते काय, असेच बाईंच्या मनात येत होते. शेवटी त्यांनी त्रासून विचारले की, तुम्हांस सर्वथा निर्दोष व्हावयाचे आहे की काय? त्यावर, अर्थातच व्हावयाचे आहे, असे तो ताडकन उत्तरला.

सांगितलेल्या दोषांपैकी दोन बाईंच्या लक्षात राहिले. एक असा की, त्याच्या चार आजी-आजोबांपैकी तिघे मूळचे ज्यू असता लोकांचा समज उलट असू दिला, आणि तो समज त्याने दुरुस्त केला नाही. दुसऱ्याच वर्षी, १९३८ मध्ये, हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि हाच वंशाचा प्रश्न त्याच्या बहिणींच्या जिवावर बेतला. हे ध्यानात घेतले म्हणजे ही कबुली वाटते तितकी क्षुल्लक राहत नाही. दुसरा दोष शाळेतील. एका लहान मुलीला त्याने मारले. ती रडत मुख्याध्यापकाकडे गेली. आणि मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा, मी मारलेच नाही, असे त्याने सांगितले. हे सांगताना मात्र त्याचा धीर सुटला.

मारणे हा एक अपराध, आणि मुलीचे खरे बोलणे खोटे ठरविणे हा दुसरा. पहिल्याने तिचे अंग दुखले असेल. दुसऱ्याने तिची साक्ष गेली. मोठ्या माणसाच्या शब्दापुढे मुलाचा शब्द टिकत नाही, हे ज्ञान त्या मुलीला तिच्या शिक्षकानेच दिले. त्याचा धीर याच ठिकाणी का सुटावा, हे आम्हांस पटते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मूर, हट, पास्कलबाई यांचा व्हिट्गेन्स्टाइनने काय अपराध केला होता? काहीच नाही. मग त्यांच्यापुढे हे निवेदन कशासाठी? कोणी म्हणेल की हा केवळ आत्मकेंद्रित मनुष्याचा खटाटोप. स्वतःचे ओझे उतरविण्यासाठी दुसऱ्याच्या दिवाणखान्यात जाऊन बसणे. पास्कलबाईंचे मत बहुधा असेच झाले असावे. या आक्षेपात तथ्य आहे. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य चालत आले आहे. दोषपरिहारासाठी जप किती करावा, दान काय द्यावे, हे विचारणारे यजमान आम्ही लहानपणापासून पाहत आलो. ज्याचे नुकसान केले त्याच्याकडे आधी जाऊ काय, असे विचारणारा क्वचितच दृष्टीस पडतो. वास्तविक मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीच्या साधनांत ख्यापन, म्हणजे पाप उघडपणे सांगणे, याचा तप आणि अनुताप यांच्या बरोबरीने उल्लेख आहे. आणि त्याच अध्यायात किरकोळ चोरी करणाऱ्याला कृच्छ्र सांगताना, चोरलेली वस्तू ज्याची त्याला परत करून मग ते करावे, असे स्पष्ट म्हटले आहे. आधी परतफेड, मग शुद्धी. हा क्रम महत्त्वाचा आहे. तथापि भांडे चोरले तर भांडे परत करता येते. मुलीची साक्ष कशी परत करावयाची?

व्हिट्गेन्स्टाइनने एक गोष्ट केली. मित्रांना सांगून तो थांबला नाही. याच सुमारास तो ओटरथालला गेला आणि ज्यांना आपण मारले त्यांच्या दारोदार फिरून त्याने क्षमा मागितली. तोपर्यंत मधे दहा वर्षे लोटली होती. ती मुले मोठी झाली होती. गावकरी चकित झाले. काहींनी उदारपणे त्याला क्षमा केली. परंतु १९२६ साली त्याच्याविरुद्ध ज्या गृहस्थाने पुढाकार घेतला होता त्याच्याही घरी तो गेला. त्या गृहस्थाच्या मुलीचे केस आणि कान त्याने पूर्वी असे ओढले होते की कानांतून रक्त आले होते आणि केस उपटून हातात आले होते. तिने त्याचे सर्व बोलणे ऐकून घेतले आणि तुच्छतेने "हो, हो" एवढेच म्हटले.

त्या "हो, हो"त क्षमा नाही. चरित्रकार हा प्रसंग सांगून पुढे जातात. आम्हांस तेथून हलवत नाही. पुष्कळांना असे वाटेल की, एवढा मोठा विद्वान दारात येऊन उभा राहिला असता मुलीने थोडे मोठे मन दाखवावयास हवे होते. आम्ही हे मान्य करीत नाही. क्षमा मागणाऱ्याला क्षमा मिळालीच पाहिजे असा नियम झाला, तर क्षमायाचना हा केवळ एक विधी होतो. दक्षिणा दिली की फळ ठरलेले. देण्याचे किंवा न देण्याचे स्वातंत्र्य समोरच्या व्यक्तीच्या हाती राहील तरच त्या मागण्याला काही अर्थ. शाळेत जिचा शब्द चालत नव्हता तिचा शब्द त्या दिवशी त्या दारात अखेरचा ठरला. मास्तरांना तो मुकाट्याने ऐकून परत फिरावे लागले. त्या मुलीला परत मिळण्यासारखे जे काही होते ते बहुधा एवढेच होते.

आणि या दृष्टीने पाहता, मित्रांपुढे केलेले निवेदन आणि ओटरथालची फेरी यांत आम्हांस मोठे अंतर दिसते. मित्र काय म्हणणार हे त्याला साधारण ठाऊक होते. ते फार तर संकोचले असते. त्या दारांत मात्र काय वाढून ठेवले आहे याची त्याला कल्पना नव्हती. तरीही पहिल्यावाचून दुसरे घडले असते काय, अशीही शंका येते. पोहावयास शिकणारा एकदम डोहात उडी घेत नाही.

याचा तत्त्वज्ञानाशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. नीतीविषयी बोलता येत नाही असे प्रतिपादन करणारा मनुष्य शेवटी दारोदार बोलत फिरला, हा विरोध वरवरचा आहे. त्याच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' या ग्रंथात शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात पाहावा, हा विचार आहे. वेदनेने कण्हणारा मनुष्य स्वतःविषयी बातमी देत नसतो. त्याचप्रमाणे मनातील गोष्टीची खरी कबुली महत्त्वाची ठरते ती आतल्या एखाद्या प्रक्रियेचा अचूक अहवाल म्हणून नव्हे, असे त्याने त्याच ग्रंथात म्हटले आहे. ती प्रांजळ असली म्हणजे तिच्यापासून काही विशेष परिणाम निघतात. मी मारले, हे त्या मुलीला ठाऊक होतेच. त्या वाक्यात तिच्यासाठी माहिती शून्य होती. तरी ते वाक्य कोणाच्या तोंडून, कोणाच्या दारात उच्चारले जाते, यावर सर्व काही अवलंबून होते. मौन आणि बोलणे यांच्यामध्ये असे एक करणे असते, हे त्याने नॉर्वेच्या झोपडीत लिहिले आणि ओटरथालला जाऊन अनुभवले.

मात्र या निवेदनाने तो कायमचा शुद्ध झाला, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. १९३७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने स्वतःच्या टिपणात लिहिले की, गेल्या वर्षीच्या निवेदनाने काही काळ चित्त स्थिर झाले, लोकांशी संबंध सुधारले, गांभीर्य आले. परंतु ती सारी शिदोरी आता संपली असून आपण पुन्हा जवळजवळ पूर्वीच्याच जागी आहो, आपल्या भित्रेपणाला सीमा नाही. गंगास्नान करून आलेला मनुष्य वर्षाच्या आत असे लिहून ठेवील काय? आम्हांस तर या टिपणाने त्याच्याविषयीचा आदर अधिकच वाढला.

पुढे तो केंब्रिज येथे प्राध्यापक झाला. दुसऱ्या महायुद्धात ते पद बाजूला ठेवून त्याने लंडनच्या गाय्ज रुग्णालयात औषधे वाहून नेणाऱ्या हमालाचे काम केले. नॉर्मन माल्कम या शिष्याला १९४४ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने बजावले की, दैनंदिन जीवनातील महत्त्वाच्या प्रश्नांवर मनुष्याचा विचार जर सुधारणार नसेल तर तत्त्वज्ञान शिकण्याचा उपयोग काय? १९४७ मध्ये त्याने प्राध्यापकपद सोडले आणि २९ एप्रिल १९५१ रोजी केंब्रिज येथे आपल्या डॉक्टरांच्या घरी कर्करोगाने देह ठेवला. आपले आयुष्य फार सुंदर गेले असे सर्वांना सांगा, हा त्याचा अखेरचा निरोप. ज्यांनी त्याला अहोरात्र तळमळताना पाहिले होते त्या मित्रांना या निरोपाचा अर्थ पुष्कळ दिवस लागेना. माल्कमने तर त्यास गूढ म्हटले आहे.

अंत्यविधीच्या वेळी मित्रांपुढे पेच पडला. तो कोणत्याही चर्चचा आचार पाळीत नव्हता. पण त्याचे जीवन धर्मशून्य होते असे म्हणण्यासही कोणी तयार नव्हते. शेवटी कॅथलिक धर्मगुरूकडून थडग्यापाशी प्रार्थना म्हणविण्यात आल्या. त्या निर्णयात सहभागी असलेले डॉक्टर ड्रुरी हे त्याचेच शिष्य. त्याच्याच सांगण्यावरून तत्त्वज्ञानाची उपजीविका सोडून ते वैद्यकाकडे वळले होते. आपण त्या दिवशी केले ते योग्य केले की नाही, याची रुखरुख ड्रुरी यांच्या मनाला पुढे सतत लागून राहिली.